खाऱ्या जमिनीचा स्वभाव

१९९४ साली मी पन्नास वर्षांचा होतो. पेणजवळच्या आमच्या भातशेताचा बांध फुटून खाडी आत शिरली. बांध पुन्हा घातला, पावसाने मीठ धुतलं, तरी थोरला म्हणाला, "बाबा, जमिनीचा स्वभावच खारट झाला. गिऱ्हाईक आलंय, विका."

रोह्याला कॉलेजात शिकणारी धाकटी म्हणाली, "दादा, जुने ग्रीक निसर्गाला फ्युसिस म्हणायचे. त्याचा अर्थ स्वभाव, आणि वाढणंसुद्धा."

"ग्रीकांना खाडी ठाऊक हाय वाटतं!" मी म्हटलं. "आधी जमिनीत भात वाढू दे, मग तिचा स्वभाव सांग."

"आणि उगवलंच नाय तर?" थोरल्याने विचारलं.

"पुढल्या साली परत पेरीन. मी असेपर्यंत विकायची नाय."

खाऱ्या शेतात आम्ही मोड आलेलं बी फेकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी लाल भाताच्या बियाण्याची पाटी घेऊन मी एकटाच चिखलात उतरलो.