मामांच्या कपाळावरचा उजेड

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, गेले आणि घरात त्यांचा धड एक फोटो निघेना. जळकोटला हायवेलगत माझा फोटो स्टुडिओ. निम्म्या तालुक्याची लग्नं मी काढलेली. पण मामा कॅमेरा दिसला की गोठ्याकडं पळायचे, त्याला मी काय करणार?

शेवटी नणंदेच्या फोनवर एक सापडला. रानात, भर दुपारी, ऊन पाठीमागं. या फोनवरून त्या फोनवर फिरताना दबून दबून पार बारीक झालेला. कपाळावरचे विभूतीचे तीन पट्टे तेवढे पांढरे, आणि खाली तोंड म्हणजे तव्याचं बूड.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या म्हणाल्या, "त्येंचं तोंड आठवंना झालंय गं मला. डोळं मिटलं तरी समोर येत न्हाय." "तुम्ही बघाच, आत्याबाई," असं म्हणून बसले मी, झोकात.

घरात नवा टीव्ही होता, एचडीआरवाला. साध्या फोटोत उजेडाच्या पायऱ्या थोड्या असतात, एचडीआरमध्ये लई. पण साधा फोटो त्यात न्यायचा तर जादा पायऱ्या आणायच्या कुठनं? प्रोग्रॅम अंदाजानं भरतो. पांढरं दिसलं की त्याला वाटतं, इथं दिवा असणार नाहीतर ऊन. आणि ते तो आणखी पेटवतो.

फोटो टीव्हीवर लावला आणि अगं बाई! मामांच्या कपाळावर तीन ट्यूबलाइटा! शेजारच्या काकू आल्या होत्या, त्यांनी तर हातच जोडले. "शिव शिव! काय तेज म्हणावं!"

आत्याबाई भडकल्या. "कसलं तेज? दुपारपत्तर घामानं निम्मी इभूत पुसून जायची त्येंची. देव करून दिऊ नगंस मला. माणूस दाव."

मला राग आला, पण आत्याबाईंचा नाही, त्या प्रोग्रॅमचा. विभूती म्हणजे राख, उजेड नव्हे, हे एवढ्या हुशार कॉम्प्युटरला कळू नये? मग मीच बसले. पट्टे हातानं वेगळे काढले, त्यांची चमक उतरवली, आणि तोंडावरची सावली हळूहळू उचलत गेले. डोळ्यांच्या जागी नुसते चौकोनी ठिपके. फोटो दबला तेव्हाच तिथलं सगळं गेलं होतं. मनानं डोळे बनवून बसवणारे प्रोग्रॅम आहेत, पण आत्याबाईंपुढं परक्याचे डोळे न्यायची माझी काही छाती झाली नाही. डाव्या गालावर मात्र थोडं काही शिल्लक होतं. तेवढं वर आणलं.

परत टीव्ही लावला, तेव्हा काकूही पुन्हा आल्या. कपाळ, मिशी आणि एक गाल, डोळ्यांत अंधार. मला रडूच यायला लागलं. "आत्याबाई, डोळे नाही निघाले हो. माझ्याच्यानं एवढंच झालं."

त्यांनी ऐकलंच नाही. उठून टीव्हीपाशी गेल्या आणि त्या गालावर बोट ठेवलं. गाल चांगला फुगलेला होता.

"तंबाखू!" त्या म्हणाल्या.

आता सांगायला पाहिजे, तंबाखू सोडली म्हणून मामांनी आत्याबाईंच्या गळ्याची आण घेतली होती. आमचे हे तसले न्हवंत, असं त्या साऱ्या भावकीत मिरवायच्या.

"अवो, माझ्या गळ्याची आण घेतली व्हती न्हवं तुमी? आन् रानात जाऊन ह्ये धंदे व्हय? मी मेले असते म्हंजी?" डोळ्यांतून पाणी, आणि तोंडाचा पट्टा काही थांबेना. मामा गेल्यापासून आत्याबाई त्यांच्याविषयी बोलायच्या. त्यांच्याशी आज पहिल्यांदा बोलत होत्या.

"बंद कर गं तो टीव्ही," काकू माझ्या कानाशी म्हणाल्या.

"राहू द्या काकू," मी म्हटलं. "भांडू द्या त्यांना."