एकाच कानात दोघे

ताईंचा उजवा कान लहानपणी गालगुंड झालं तेव्हा गेला, तो गेलाच. त्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. नणंद जेवायला आली की ताई तिची खुर्ची हटकून आपल्या उजव्या हाताला मांडत आणि शांतपणे जेवत.

अडचण यायची ती कामावर. ताई समारंभांचं शूटिंग करणाऱ्या कंपनीत कॅमेरा चालवायच्या. बाकीचे कॅमेरावाले एका कानात वॉकीटॉकीचा इअरफोन घालत, दुसऱ्या कानात कॅमेऱ्याचा. म्हणजे इकडून डायरेक्टरच्या सूचना, तिकडून वक्त्याच्या माईकचा आवाज. ताईंकडे कान एकच, आणि तो डायरेक्टरने कायमचा अडवलेला. डायरेक्टरचा आवाज असा, की सगळे त्याला पाठीमागे भोंगा म्हणत.

एका सत्कारात वक्त्याचा माईक मध्येच बंद पडला. ताईंना पत्ताच नाही. सत्कारमूर्ती हातवारे करकरून बोलले आणि रेकॉर्डिंगमध्ये माशासारखे नुसतेच तोंड उघडत-मिटत राहिले. भोंगा भडकला. "ताई, दोन्ही आवाज ऐकता येत नसतील तर ऑफिसात एडिटिंगला बसा."

"दुसऱ्यांनी काढलेलं कापत बसू? मी?" घरी आल्यावर ताईंनी पर्स आदळली. "अहो, मी बोलतेय!"

नवरा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. बोलण्यात भलताच कंजूष. त्याने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि म्हणाला, "दोन्ही एकाच कानात घालू."

मग त्याने बाथरूममधली साबणाची डबी पळवली. तिच्यात दोन वायरी शिरल्या, एक वॉकीटॉकीची, एक कॅमेऱ्याची. आणि बाहेर एकच इअरफोन आला. वर दोन बटणं बसवली, ज्याचा आवाज हवा त्याचा वाढवायला. साबण तेव्हापासून बशीत राहू लागला.

तालीम स्वयंपाकघरात झाली. कॅमेऱ्याच्या वायरीवर टीव्हीच्या बातम्या लावल्या आणि नवरा वॉकीटॉकी घेऊन बाल्कनीत उभा राहिला.

"बोला ना!"

"काय बोलू?"

"भोंग्यासारखं ओरडा माझ्यावर."

बायकोवर ओरडायची परवानगी त्याला संसारात पहिल्यांदाच मिळत होती. त्याने घसा खाकरला. "जरा डावीकडे सरकतेस का? म्हणजे, जमलं तर."

ताईंनी कपाळावर हात मारला. पण आवाज दोन्ही ऐकू येत होते.

पहिलं काम आलं कॉलेजच्या बक्षीस समारंभाचं. प्रमुख पाहुणे निवृत्त न्यायाधीश, विषय संयम. कॅमेरा एकच होता, ताईंचा. त्यांच्या कोटाला छोटा वायरलेस माईक लावला होता, आणि कॅमेऱ्याचं चित्र मंचावरच्या मोठ्या पडद्यावर थेट दिसत होतं. ताई मंचाच्या बाजूला उभ्या होत्या. सुरुवात झकास झाली. मग कानात आवाज आला, "जरा वर पाहा!"

ताईंनी कॅमेरा वर नेला. पडद्यावर छताचा पंखा आला, जाळ्याजळमटांसकट.

"ताई! पंखा कुणी मागितला?"

"तुम्हीच म्हणालात ना, वर पाहा."

"मी नाही, ते म्हणाले! भाषणात!"

ताई ओशाळल्या. तेवढ्यात पुन्हा आवाज, "आता पायांकडे वळू." न्यायाधीश म्हणत होते की मोठं झालं तरी पाय जमिनीवर हवेत. ताईंनी निमूटपणे कॅमेरा खाली घेतला. न्यायाधीशांनी पोडियममागे बूट काढून ठेवले होते आणि एका पायाच्या अंगठ्याने ते दुसऱ्या पायाची पोटरी खाजवत होते. सभागृह खदाखदा हसलं. आपला विनोद एवढा जमला असं वाटून न्यायाधीशही खूश झाले आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले.

भाषणानंतर चहाची सुट्टी झाली. ती संपली, पोरं जागेवर बसली, बक्षिसं टेबलावर आली. पण बक्षिसं द्यायला पाहुणेच नाहीत. त्यांचा फोन त्यांच्या बायकोच्या पर्समध्ये वाजत होता. प्राचार्यबाई इकडून तिकडे धावू लागल्या.

ताईंच्या कानात आवाज आला, "दार उघडा! अहो, कुणी दार उघडता का?"

आता चूक नको म्हणून ताईंनी कान मोकळा केला, पळत जाऊन सभागृहाचं दार सताड उघडलं, परत येऊन इअरफोन घातला आणि वॉकीटॉकीवर सांगितलं, "उघडलं."

"काय उघडलं?" भोंगा गरजला. "ताई, ती डबी आधी कचऱ्यात टाका!"

"हँडल हातात आलं की हो," कानातला आवाज रडवेला झाला. भोंगा आणि रडवेला? ताईंनी वॉकीटॉकीचं बटण पार खाली केलं. आवाज तसाच चालू. म्हणजे हा माईकचा! साउंडवाल्याने सुट्टीत तो हॉलच्या स्पीकरवर बंद केला होता, पण कॅमेऱ्यात येतच होता. न्यायाधीश कुठेतरी कोंडले गेले होते, आणि ते ऐकणारा जगात एकच कान होता.

"ते बाथरूममध्ये अडकलेत बहुतेक," ताईंनी वॉकीटॉकीचं बटण पुन्हा वर करून कळवलं.

"सगळी बाथरूमं पाहिली!"

"थांबा, बोलतायत." ताईंनी डोळे मिटले. "म्हणतायत, इथे झाडू आणि बादल्याच आहेत. खिडकीतून हाक मारावी तर खाली नुसत्या सायकली."

"सायकली?" प्राचार्यबाई किंचाळल्या. "अहो, ते प्रयोगशाळेमागचं! ते आम्ही वापरतच नाही!"

सगळे तिकडे पळाले. ताई वायरीने कॅमेऱ्याला बांधलेल्या, म्हणून तिथेच. पण त्यांच्या एकाच कानात दाराच्या दोन्ही बाजू ऐकू येत होत्या. बाहेरून भोंगा, "सर, मागे सरका!" आतून न्यायाधीश, "सरकू कुठे, मागे बादली आहे!" मग धाडकन आवाज, दोन्हीकडून एकदम. मग बादली. मग पाणी.

न्यायाधीशांनी ओल्या पँटनेच बक्षिसं वाटली. ताईंनी या वेळी कुणी काही म्हणायच्या आधीच कॅमेरा कमरेच्या वर ठेवला.

सामान आवरताना भोंगा घुटमळला. "ताई, मिस्टरांना सांगा, बाकीच्यांनाही अशी डबी करून देतील का? एक कान मोकळा राहील."

नवऱ्याने ऐकून मान हलवली. नव्या डब्यांमध्ये त्याने वॉकीटॉकीचा आवाज मुद्दाम चिरका केला, म्हणजे कोण बोलतंय ते लगेच कळावं. भोंगा त्यात अगदी मच्छरासारखा ऐकू येई, आणि सगळ्यांना त्याचा वेगळाच आनंद होई.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायाधीशांचा फोन आला. "ते कोंडलेलं बोलणं रेकॉर्ड झालंय का?"

"झालंय, सर."

"मी तिथे जरा अघळपघळ बोललो. पुसून टाका."

"पुसते, सर."

ताईंनी फोन ठेवला न ठेवला तोच पुन्हा वाजला. या वेळी न्यायाधीशांची बायको होती, दबक्या आवाजात.

"पुसलं नाहीत ना अजून? प्राचार्यबाईंनी दाराबाहेरून ऐकलं, तिथे आत ते म्हणाले म्हणे, की 'ही सांगत होती, भाषणाआधी एवढं पाणी पिऊ नका, हिचंच बरोबर होतं.' खरं आहे?"

"अगदी याच शब्दांत, बाई."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"मला तेवढाच भाग पाठवा," त्या म्हणाल्या. "आणि आवाज जरा मोठा करून."