आवाज नसलेला मीटर

छापखान्यात उभा जन्म गेल्यामुळे काकांचे कान यंत्रांच्या खडखडाटात निम्मे झिजून गेले होते. जाड आवाज ऐकू येत, बारीक आवाज मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचत नसत. तरी घरातली इस्त्री, मिक्सर, टेबललॅम्प ते स्वतःच दुरुस्त करत. जुन्या मल्टिमीटरच्या दोन सळ्या तारेच्या दोन टोकांना लावायच्या. तार अखंड असली की मीटर बारीक वाजे. ते त्यांना ऐकू येत नसे. म्हणून काकू स्टूल ओढून शेजारी बसत आणि मोठ्याने सांगत, "वाजलं." नाहीतर, "नाही वाजलं. तुमच्यासारखाच आहे, हाका मारल्या तरी ओ देत नाही."

एक तार तपासून दुसरी हातात घेईपर्यंत काकूंच्या बहिणीची, शेजारणीची, कुणाकुणाची गोष्ट निघे. चुटकीसरशी होणाऱ्या कामाला अख्खी दुपार लागे.

तो मीटर बिघडला, तेव्हा दोघं मिळून नवा आणायला गेले. दुकानदाराने दोन पुढे ठेवले. एक नुसते आकडे दाखवणारा, दुसरा आवाजाचा आणि जरासा महाग. घरच्या अधूनमधूनच्या कामाला पहिला पुरेल, पण दुसरा सोयीचा, असं त्याचं म्हणणं पडलं.

"मला कुठे आवाज ऐकू येतो?" काका म्हणाले. "साधाच द्या. हिच्यामागची कटकटही जाईल."

काकू काउंटरवरच्या वायरींकडे पाहत होत्या. "खरंच," एवढंच म्हणाल्या.

स्वस्त मीटर चांगला निघाला. तार धड असली की आकडा शून्याच्या आसपास येई. इस्त्रीची तुटलेली तार काकांना लगेच सापडली. शेजारचं स्टूल रिकामंच होतं. काकू आत कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

पुढच्या खेपेला काकांनी, आकडा पुसट दिसतो, असं सांगून त्यांना बोलावलं. काकूंनी चष्मा लावला, उभ्याउभ्याच वाकून पाहिलं, शून्य आहे म्हणाल्या आणि परत गेल्या. रागावल्याही नव्हत्या.

हे काकांनी मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अजून कुठे उशीर झालाय, आवाजाचा घेऊन या.

"आणला होता गं," ते म्हणाले. "ती म्हणाली, परत करून या. आता तुमचं अडत नाही ना."