कुलपातले दोनशे दाणे

३ ऑगस्ट. पगारातून कपात रुपये १४६.२५.

आमच्या बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत ओल्या कागदावर बिया मांडणाऱ्या ताई कामाच्या वेळेत रोज सात मिनिटं ट्रेवर हात धरून प्रार्थना करत. महिन्याचे तीन तास होतात. देखरेखीचं काम माझं, कपात मीच सुचवली होती. अठरा वर्षांत त्यांची मोजणी एकदाही चुकली नव्हती, आणि इतक्या चोख माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो.

नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या एकट्याच्या पगारावर. कपात रद्द व्हावी म्हणून ताई साहेबांकडे गेल्या. "साहेब, ते कामच आहे. बिया त्यानंच उगवतात."

साहेबांनी तोडगा काढला. दोनशे बियांवर प्रार्थना करायची, दोनशेंवर नाही. फरक दिसला तर कपात रद्द.

टक्कल पडलेला तंत्रज्ञ म्हणाला, "ताई, आधी माझ्या डोक्यावर हात धरा. काही उगवलं तर चाचणीच नको!"

बिनप्रार्थनेचे ट्रे मी दुसऱ्या कपाटात ठेवले, कुलूप लावलं, वर सहीची चिठ्ठी चिकटवली. आठव्या दिवशी दाणे मोजले. इकडे १८६ उगवले, तिकडेही १८६. चिठ्ठी शाबूत होती. तरी मी कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

ताईंना कँटीनमध्ये गाठलं. "खरं सांगा, कपाटाला हात लावलात?"

"नाही हो भाऊ. त्यांच्यासाठी घरून प्रार्थना केली. त्या बियांनी काय घोडं मारलं होतं?"

"अहो, मग चाचणीच बाद! कपात राहणार तुमची."

"कळतंय."

"आणि सगळ्या सडल्या असत्या तर?"

"जास्त वेळ केली असती."

"सगळ्या उगवल्या असत्या तर?"

"आभार मानले असते."

"म्हणजे 'चुकले' असं तुम्ही म्हणणार तरी कधी?"

"मोजणीत चुकले तर सांगा की."

घरून प्रार्थना खरंच केली होती, की निकाल पाहून सुचलं, हे तपासायला माझ्याकडे काही साधन नव्हतं. अहवालात लिहिलं: फरक आढळला नाही, कपात कायम.

सोमवारपासून ताई सात मिनिटं आधी येऊन प्रार्थना करू लागल्या. चार दिवस मी घड्याळ घेऊन दारात उभा राहिलो. सात म्हणजे सातच.

कँटीनमध्ये त्यांना गाठलं त्या दिवशी माझ्याकडे सुटे नव्हते. माझ्या चहाचे आठ रुपये ताईंनी भरले. ते अजून द्यायचे आहेत.