दोन डब्यांतल्या गोळ्या
चिकूच्या चिकाचा वास आला की मला वडिलांचा तो अडखळता श्वास आठवतो. आम्ही बोर्डीला राहायचो. चिकू काढताना ते झाडावरून पडले आणि वापीच्या डॉक्टरांनी कमरेसाठी भारी गोळ्या दिल्या. झोपेच्या गोळ्या डहाणूच्या डॉक्टरांच्या, आधीपासूनच चालू होत्या. मिसळू नयेत म्हणून आई त्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवायची. एका दुपारी दुखणं सोसेना म्हणून वडिलांनी दोन्ही एकदम घेतल्या. मी चहा घेऊन गेले, तर हाका मारूनही ते उठेनात. ओठ निळसर पडलेले, श्वास मध्येच थांबत होता. रिक्षात घालून, सारखं हलवत त्यांना दवाखान्यात नेलं. थोडक्यात वाचले. तिथले डॉक्टर आईला म्हणाले, "डबे वेगळे ठेवलेत, पण पोट एकच ना? या दोन एकत्र गेल्या की श्वासच मंदावतो." घरी आल्यावर वडिलांनी पुन्हा झोपेची गोळी मागितली. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही," मी म्हटलं. "बाप कोण, तू का मी?" ते चिडले. "तुम्हीच," मी म्हटलं आणि मीच दोन्ही डबे मांडीवर घेऊन बसून राहिले. आता माझी कंबर धरते. कुठल्याही डॉक्टरकडे गेले की दुखणं सांगायच्या आधी मी घरातल्या सगळ्या गोळ्या त्यांच्या टेबलावर ओतते.