भोपळ्याला कुणी बोली लावली नाही

तो राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगतो. इंदूरची मिल बंद पडली तेव्हा तिचे माग मी भंगारात विकत घेतले. मी नसते घेतले तर दुसऱ्या कुणी घेतले असते. मिल मी बंद केली नव्हती. पण आमच्या चर्चमधली निम्मी घरं त्या मिलवर जगलेली. कापणीच्या सणाला देवाला वाहिलेल्या पिकाचा उपासनेनंतर चर्चमध्ये लिलाव होतो; त्या वर्षी त्यात मी सिमरोलच्या माझ्या शेतातला सर्वांत मोठा भोपळा ठेवला. पाळकसाहेबांनी तीनदा पुकारलं. कुणी तोंड उघडलं नाही. देवाला वाहिलेला भोपळा मी काखेत मारून घरी आणला आणि पुन्हा चर्चची पायरी चढणार नाही, असं बायकोला बजावलं. यामागे याकोबकाका असणार, याबद्दल मला शंका नव्हती. त्याच मिलच्या मागावर उभं आयुष्य काढलेला माणूस, सगळे त्याचं ऐकत.

आठ महिन्यांनी पोलोग्राउंडच्या माझ्या कारखान्यात मिलच्या त्याच मागांपैकी एकाचा सांगाडा माझ्या पायावर घसरला. मांडीपर्यंत प्लास्टर. एका सकाळी मोरीकडे जाताना पडलो. बायकोला उचलवेना. जमिनीवर पडल्या पडल्या मी देवाला काय काय बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात दार वाजलं. याकोबकाका.

"तमाशा बघायला आलात?" मी म्हणालो.

"हो. तिकीट नंतर काढतो. आधी हात गळ्यात टाक."

त्यांनी मला उचललं, आंघोळ घातली. दुसऱ्या दिवशी मिलमधलेच आणखी दोघे आले. मग रोजच. मिलचा भोंगा बंद झाला होता, पण यांनी माझ्या खाटेभोवती पाळ्या लावल्या: पहिली काकांची, दुसरी त्या दोघांची. पाळी बदलताना मागावरच्या कामासारखं एकमेकांना इंदुरी ढंगात सांगत, "औषध दिलंय भिया, कूस बदलायची आहे." मला संताप येई. आयुष्यभर मी घासाघीस करून खाल्लं, आणि ही माणसं काही मागतच नव्हती.

शेवटी मीच विचारलं, "त्या दिवशी बोली का नाही लावली?"

काका माझा पाय पुसत होते. "सकाळी तुझ्या ट्रकवर माझा माग पाहिला होता. तोंड उघडलं असतं तर शिवी आली असती. चुकलंच आमचं." मग म्हणाले, "तेव्हापासून मी प्रभुभोजन घेतलेलं नाही. तुझ्याशी वाकडं असताना प्याल्याला हात कसा लावू?"

आठ महिने मी त्यांना शिव्या देत होतो, आणि बाकीचे प्रभूची भाकर नि द्राक्षरस घ्यायला पुढे जात, तेव्हा माझ्यापायी हा म्हातारा दर वेळी बाकावरच बसून राहिला होता. त्याचाही राग आला.

पुढच्या प्रभुभोजनाला कुबड्या घेऊन गेलो. वेदीपुढच्या कठड्यापाशी सगळे गुडघे टेकतात, माझा पाय वाकेना. मी उभा राहिलो, तसे काकाही शेजारी उभेच राहिले. मी जमिनीवर पडलो असतानाच दार वाजलं, ती वेळ कुणी ठरवली, याचा वाद मी घालत नाही. प्रभू, माझा राग तुला ठाऊक आहे, तो घेऊनच आलोय. त्या दिवशी हात पुढे केले आणि जे दिलंस ते भाव न करता घेतलं.