बोनेटवरचा हात

फेब्रुवारीतला पहिला रविवार. पहाटे गारवा, आभाळ स्वच्छ, उत्तरेचा हलका वारा. नऊनंतर ऊन कडक.

हवामान लिहून ठेवायची मला सवय आहे. त्यावरून कट्ट्यावर माझी रोज टिंगल होते. विलास तर भर पावसात नखशिखांत भिजून येतो आणि विचारतो, "मास्तर, आज पाऊस पडला का? जरा बघून सांगा ना!"

कट्टा म्हणजे सुरतेच्या गोडादर्‍यातलं भास्कर आप्पाचं गॅरेज. माणसं तीनच. आप्पा, एम्ब्रॉयडरी मशीनवर काम करणारा विलास, आणि लूमच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करणारा, म्हणून सगळ्यांचा मास्तर झालेला मी. मध्ये एक गाडी. एवढ्याशा भांडवलावर किती किस्से साठावेत? पण लूमवरही धागा एकेकच जातो, आणि संध्याकाळी बघावं तर कापडाचा अख्खा ताका तयार असतो. आमचं तसंच झालं.

*

गाडी लाल. दोन दारं, दोनच सीटा, वर कापडी छप्पर. जपानी बनावटीची जुनी स्पोर्ट्स कार. एका कापड व्यापार्‍याच्या मुलानं हौसेनं परदेशातून आणलेली. तापीला मोठा पूर आला तेव्हा ती तळघरातल्या पार्किंगमध्ये बुडून राहिली. पाणी ओसरल्यावर मालकानं तिच्याकडे वळूनही बघितलं नाही. आप्पानं ती भंगारवाल्याच्या टेम्पोतून उतरवून घेतली.

इंजिन खोललं, धुतलं, पुन्हा बसवलं. गाळ मात्र कुठून कुठून निघतच राहिला.

नवागामच्या एका वरातीत ती भाड्यानं गेली होती; नवरदेव सीटांमागे लोखंडी चौकटीवर उंच बसला होता, अंगात मोतिया रंगाची शेरवानी. माझ्या शेजारच्या सीटवर करवली. तिला उकडायला लागलं, तिनं ब्लोअरचं बटण दाबलं. आणि फुस्स! बारीक करड्या मातीचा लोट थेट शेरवानीवर!

ढोलवाला थांबला. नवरदेवाचे वडील बाह्या सरसावत पुढे आले. आप्पानं शांतपणे हात जोडले.

"तापीमाईचा आशीर्वाद आहे, पाहुणे. असा सगळ्यांना मिळत नाही!"

वडिलांनी बाह्या खाली केल्या. आणि नवरदेवाच्या आत्यानं शेरवानीवरची चिमूटभर माती उचलून कपाळाला लावली.

*

गाडी घेतली होती पळवायला, पण पळवून पोट भरत नाही. मिरवून भरतं. म्हणून लग्नसराईत ती वरातीला जायची. पुरात तिचा टेम्परेचरचा काटा मेला होता, आणि तो भाग काही मिळाला नाही. चालण्याच्या वेगानं तासन्‌तास सरकणारी गाडी तापणार कधी, हे कळायचं कसं?

आप्पानं तोड काढली. गाडी मी चालवायची. तो बोनेटला लागून चालायचा, उजवा तळवा पत्र्यावर ठेवून. एकदा थाप मारली की थांबायचं. दोनदा मारली की निघायचं. समोर बँड, डीजे, नाचणारी माणसं, फटाके. मी कशाकडेच बघायचो नाही. फक्त आप्पाचा हात.

क्लच अर्धा दाबून दाबून माझी मांडी भरून यायची. मी कुरकुरलो तर आप्पा म्हणायचा, "जगातली सगळ्यात हळू स्पोर्ट्स कार चालवतोस तू, मास्तर. काही तरी मान ठेव!"

एकदा पर्वत पाटियाच्या चौकात नवरदेवाचा मामा नाचता नाचता बोनेटवर आला आणि तालात दोनदा थाप मारली. मी क्लच सोडला! गाडी जाऊन टेकली डीजेच्या ट्रॉलीला. गाणारा माइकमध्येच ओरडला, "ओ बाप रे!" सगळ्या चौकाला ऐकू गेलं.

मामाला बाजूला करून आप्पा खिडकीशी आला. रागावला की तो घरची अहिराणी बोलायचा.

"इतला वरीस व्हयनात, मास्तर, अन्‌ तुले मना हात वयखू येस नही?"

इतकी वर्षं झाली आणि तुला माझा हात ओळखता येत नाही?

त्यानंतर मी ओळखायला शिकलो. त्याची थाप बोटांची नसायची, पुर्‍या तळव्याची असायची. दोन थापांमध्ये एक श्वास घ्यावा एवढी जागा. ती कानाला नाही, क्लचवरच्या तळपायाला कळायची.

*

ड्रॅग रेस म्हणजे काय, हे विलासनं आम्हाला मोबाइलवर दाखवलं. पाव मैल सरळ पट्टी. शेजारी शेजारी दोन गाड्या. पिवळे दिवे लागतात, मग हिरवा, आणि सुटायचं.

आप्पानं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. "वळण नाही, खड्डा नाही, पुढे नाचणारा मामा नाही," तो म्हणाला. "ही नवीन होती तेव्हा सोळा सेकंदांच्या आत जायची. मी वाचलंय." मग गाडीकडे बघून हळूच म्हणाला, "इतले नवरदेव बसनात, पन हाई कधी पयनीच नही. एकदाव तरी पयू दे रे तिले."

एवढे नवरदेव बसले, पण ही कधी पळलीच नाही. एकदा तरी पळू दे तिला.

विलास लगेच तयार! "आप्पा, कॅनॉल रोडला जाऊ. पहाटे कुत्रं नसतं तिकडे. पोरं जातातच की."

आप्पाच्या हातात पाना होता. तो त्यानं खाली ठेवला.

"तिथं ठोकलेल्या गाड्या माझ्याकडे येतात, विलास. खोलतो कोण? मी. सीटखाली काय काय सापडतं, सांगू तुला?"

विलासनं मोबाइल खिशात टाकला. पुन्हा कॅनॉल रोडचं नाव कुणी काढलं नाही. परवानगी काढून, जुन्या धावपट्टीवर रेस भरवणारे लोक होते. आम्ही त्यांच्याकडे नाव दिलं आणि वाट बघायला लागलो.

*

पळवायची तर गाडी हलकी हवी. आम्ही तिच्यातलं नको ते सगळं काढायला बसलो. फुलं बांधायच्या तारा निघाल्या. नवरदेवाला उंच बसवायची लोखंडी चौकट निघाली. फटीफटीतून अक्षता, सुकलेली झेंडूची फुलं, खोबर्‍याचे तुकडे, एका लेकराचं पैंजण. आणि मागच्या पत्र्याखालून एक मोजडी. जरीची, डाव्या पायाची.

विलासनं ती ओळखली. "ही माझ्या मावसभावाची! लग्नात साळ्यानं पळवली म्हणून किती तमाशा झाला होता! अजून तो सासरी गेला की त्या साळ्याशी बोलत नाही!"

आप्पा मोजडी हातात धरून खूप हसला. मग वजनाचा अंदाज घ्यावा तशी ती वरखाली केली.

"बघ मास्तर, म्हणून गाडी हळू जात होती. तिच्यात भांडण होतं!"

मोजडी विलासनं मावसभावाला नेऊन दिली. साळ्याशी तो अजून बोलत नाही. सवय झाली म्हणतो.

*

पुढचा किस्सा आम्ही कट्ट्यावर फारसा सांगत नाही.

रेसची तारीख लांबली म्हणून चौकट पुन्हा बसवून घेतलेली डिंडोलीकडची वरात, लग्न लागून नवरीसह परतणारी. दुपारची वेळ. आप्पाचा तळवा नेहमीसारखा बोनेटवर, आणि निघायची थाप बरोबर पडत होती. मला पायाखाली गरम लागत होतं, पण आप्पाचा हात चला म्हणत होता, म्हणून मी चालत राहिलो. एका वळणावर बोनेटच्या फटीतून वाफ उसळली. नवरी किंचाळली. आप्पा मात्र तसाच उभा, हात पत्र्यावर टेकून, आमच्याकडे बघत. लोक का ओरडतायत ते त्याला समजेना.

विलासनं त्याला मागे ओढलं. तळव्याला टरारून फोड आले होते.

त्याला कित्येक वर्षं साखरेचा त्रास होता. पायाची जाणीव जाते हे आम्ही ऐकून होतो. हाताचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्याच्याही.

घरी रेखावहिनींनी, म्हणजे आप्पाच्या बायकोनं, मलम लावलं. "दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

आप्पा त्या हाताकडे दुसर्‍याच्या हाताकडे बघावं तसं बघत होता.

"कोना शे हाई हात, काय माहीत!"

कुणाचा आहे हा हात, काय माहीत! वहिनी हसल्या. मग पाणी आणायला म्हणून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

*

साखरेनं हातानंतर मूत्रपिंडं धरली. डायलिसिस सुरू झालं. मी सोबत जायचो. नळ्यांतून रक्त जातंय-येतंय, आणि आप्पाचं लक्ष मशीनच्या पंपाकडे.

नर्सबाईंना म्हणाला, "सिस्टर, आम्ही रेडिएटर असाच धुतो. फक्त गाडी झोपत नाही त्या वेळी!"

रेसची तारीख एकदा पुढे गेली होती. ती पुन्हा लागली तेव्हा त्यानं मला जवळ बोलावलं.

"गाडी तू चालवायचीस. मी रेषेजवळ उभा राहीन."

मी म्हणालो, "आप्पा, मी आयुष्यात तिला तिसर्‍या गिअरमध्ये टाकलं नाही. हिरवा दिवा लागेल आणि मी बघत बसेन."

"बस की! नीट ऐक. तिथलं घड्याळ दिव्याबरोबर सुरू होत नाही. चाक रेषेवरून हललं की सुरू होतं. तू उशिरा निघालास तर शेजारचा जिंकेल, जिंकू दे. पण पट्टी कापायला लागलेला वेळ गाडीचाच राहतो. मला जिंकायचं नाही. मला सोळाच्या आत पाहिजे."

मग मशीनकडे मान करून म्हणाला, "हिला विचारून ठेव, त्या दिवशी मला सुट्टी देते का."

*

संक्रांतीच्या दुसर्‍या दिवशी आप्पा गेला. आकाश पतंगांनी भरलेलं होतं, वारा चांगला होता.

शववाहिनीच्या मागून लाल गाडी निघाली. वहिनींनीच तसं सांगितलं. मी चालवत होतो, विलास शेजारी. तोच रस्ता, तोच वेग, तोच अर्धा क्लच. वाटेत एका गच्चीवरून पतंग उडवणारं पोरगं ओरडलं, "दूल्हे की गाडी आई!" त्याच्या आईनं त्याला खाली बसवलं.

बोनेटला लागून कुणी चालत नव्हतं. गाडी चौकात तापून बंद पडली. उरलेला रस्ता लोकांनी ती ढकलत आणली.

तेराव्यानंतर मी वहिनींना म्हणालो, "रेसमधून नाव काढून घेतो."

वहिनी गहू निवडत होत्या. "एवढ्या नवर्‍या बसल्या त्या गाडीत, मास्तरभाऊ. मी कधी बसले नाही. म्हणायचे, आधी हिला पळवून दाखवतो, मग तुला बसवतो." त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "नाव काढू नका. सोळाच्या आत आली तर मला सांगा. नाही आली, तर सांगू नका."

*

तर आजचा, फेब्रुवारीतला पहिला रविवार.

वहिनी आल्या होत्या. कुंपणाच्या पलीकडे, डोक्यावर पदर, हातात नारळ. विलासनं टायरमधली हवा पुन्हा बघितली, चौथ्यांदा की पाचव्यांदा. मी हेल्मेट घातलं.

माझ्या शेजारच्या पट्टीत वेसूकडचा एक मुलगा होता, नवी कोरी गाडी घेऊन. तो माझ्या गाडीकडे बघतच राहिला.

"अंकल, ये तो शादीवाली गाडी है ना? मेरे भैया की बारात में यही आई थी! ये चलती भी है?"

विलास म्हणाला, "देख ले आज!"

मी रेषेवर आलो. पहिला गिअर, क्लच पूर्ण दाबलेला, डावा पाय स्थिर. बोनेट समोर लाल आणि मोकळं. पिवळा, पिवळा, पिवळा. हिरवा.

शेजारची गाडी गेली.

मला हिरवा दिवा स्वच्छ दिसत होता. लोक ओरडत होते, त्यात विलासचा आवाज वेगळा कळत होता. इंजिन वर चढलेलं होतं. मी बोनेटकडे बघत होतो. पाय उचलत नव्हता.

रेषेवरचा मार्शल, रेसवाल्यांचा माणूस, बाजूनं धावत आला, वाकला आणि ओरडला, "काका, ग्रीन थई गयुं! जाओ ने!" त्यानं बोनेटच्या कडेवर तळव्यानं थाप मारली. श्वासभर थांबून दुसरी मारली.

पाय उचलला.

पट्टीच्या शेवटी छापील कागद मिळाला. शेजारच्या पट्टीतली गाडी विजयी. आमची गाडी पराभूत. हिरव्या दिव्यानंतर निघायला लागलेला वेळ : ७.३८ सेकंद. पाव मैलाला लागलेला वेळ : १५.९४ सेकंद.